थोरली आणि धाकटी

२०१९ ची दिवाळी होऊन गेली होती. संध्याकाळी सड्याच्या कड्यावर मामा आणि मी उभे होतो. खाली मुरगाव बंदर, समोर जुवारीचं तोंड, पलीकडे दोना पावलाचे दिवे अजून लागायचे होते. कोळशाच्या ढिगांपासून जरा बाजूला एक मोठी पांढरी बोट धक्क्याला लागली होती. मामा चिखलीहून खास तिच्यासाठी आले होते, गळ्यात दुर्बीण अडकवून. पुष्कळ वेळ त्यांनी ती डोळ्यांवरून काढलीच नाही. मग म्हणाले, "हिला मी ओळखतो गो. ही थोरली." मी दिवसभराच्या कामाने शिणले होते, घरी जाऊन भात टाकायचा होता. म्हटलं, "मामा, मला तर सगळ्या क्रूझ सारख्याच दिसतात. एक बघितली की सगळ्या बघितल्या." मामांनी दुर्बिणीच्या भिंगांवर झाकणं बसवली, पट्टा गुंडाळला आणि म्हणाले, "चल, काळोख पडला."

काळोख पडला नव्हता.

तेवढंच झालं. पण ते वाक्य माझ्या अंगाला खाजकुयलीसारखं लागून राहिलं. मामांनी बावीस वर्षं बोटींवर काढली. आधी भांडी घासली, मग पॅन्ट्रीत वर चढले. गोव्यात वाड्यावाड्यावर असं एक तरी घर असतं, ज्यातला पुरुष कुठे आहे असं विचारलं की "बोटीवर" एवढंच उत्तर मिळतं. कुठल्या बोटीवर, ती कुठल्या समुद्रात, याची चौकशी कोणी करत नाही. मीही कधी केली नव्हती. लहानपणी मामांची बोट म्हणजे माझ्या लेखी त्यांची निळी सूटकेस होती. ती उघडली की परदेशी साबणाचा, कडक धुतलेल्या टॉवेलांचा आणि चॉकलेटच्या डब्यांचा मिळून एक थंड वास यायचा. तो वास दोन दिवस खोलीत राहायचा आणि मग आमच्या घराच्या वासात, खोबरेल आणि सुक्या सुंगटांच्या वासात, विरून जायचा. मामा नऊ महिन्यांनी येत, दोन-तीन महिने राहत, पुन्हा जात. त्या नऊ महिन्यांना एक जागा होती, तिला जिने होते, गल्ल्या होत्या, ती एका विशिष्ट बोटीची होती आणि दुसऱ्या कुठल्याही बोटीची नव्हती, हे मला पन्नाशीला आल्यावर कळायला लागलं.

"क्लास" हा शब्द आमच्या घरात मामांच्याही आधी आला तो आजीमुळे. आजीचं माहेर वेंगुर्ल्याचं, आणि थोरला भाऊ मुंबईत गिरणीत. त्यामुळे मुंबई-पणजी आगबोटीने तिने कितीतरी फेऱ्या केल्या. तिच्या बोलण्यात बोटीचे दोनच क्लास होते, अप्पर डेक आणि लोअर डेक. भाऊच्या धक्क्यावर दार उघडलं की चटई घेऊन धावायचं, जागा अडवायची, ट्रंक उशाला घ्यायची आणि पणजी येईपर्यंत तो चटईएवढा देश आपला. वेंगुर्ल्याला उतरायचं तर बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला यावं लागायचं. लोअर डेकवर इंजिनाचा धगधगाट, तेलाचा वास, आणि ज्याला बोट लागली त्याच्यासाठी शेजारचीने पुढे केलेलं लिंबू. अप्पर डेकवर वारा. आजी एकदाच अप्पर डेकवर बसून आली, तीही कुणीतरी आयत्या वेळी तिकीट रद्द केलं म्हणून. त्या रात्रीचं चांदणं ती मरेपर्यंत सांगत होती. मात्र सांगताना तिचा आवाज जरा खाली यायचा, खाली बसलेल्यांना ऐकू जाईल की काय असा.

तर मी त्या रात्री भात टाकला आणि जेवणं झाल्यावर मामांची थोरली कोण हे शोधत बसले. धक्क्यावरच्या बोटीचं नाव होतं कर्णिका. जन्मनाव क्राउन प्रिन्सेस. १९९० साली इटलीतल्या मोन्फाल्कोने इथे फिंकांतिएरीच्या गोदीत बांधलेली. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, त्याच गोदीतून तिची धाकटी बहीण बाहेर पडली, रीगल प्रिन्सेस. मामा बहुतेक सगळी वर्षं या धाकटीवर होते, आणि मध्ये चार महिने कंपनीने त्यांना थोरलीवर पाठवलं होतं. दोघींची ऑर्डर मुळात सिटमार नावाच्या कंपनीची. १९८८ मध्ये ती कंपनी पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने घेतली आणि पोटातल्या मुलींसकट सगळं नव्या घरात आलं. दोघींचं बाह्यरूप रेन्झो पियानो या वास्तुशिल्पकाराने काढलं होतं. पुढून पाहिलं तर कपाळ डॉल्फिनसारखं गोल. मामांनी सड्यावरून ते कपाळ ओळखलं होतं. मी तेच कपाळ बघितलं होतं आणि मला एक पांढरी इमारत दिसली होती.

बोटींच्या दुनियेत क्लास म्हणजे घराणं. एक आराखडा करायचा आणि त्यावर दोन, चार, सहा बोटी बांधायच्या. बहुधा पहिलीचं नाव ते घराण्याचं नाव. व्हॉयेजर ऑफ द सीज १९९९ मध्ये आली, तिच्यामागून चार बहिणी आल्या, तो व्हॉयेजर क्लास. तोच आराखडा लांबवून २००६ चा फ्रीडम क्लास झाला. आराखडा सोडा, पाण्यातली बोटसुद्धा लांबवतात. व्हिजन क्लासमधल्या एन्चांटमेंट ऑफ द सीजला २००५ मध्ये रॉटरडॅमला सुक्या गोदीत नेऊन मधोमध कापलं आणि बावीस मीटरचा नवा तुकडा घालून पुन्हा जोडलं. मी हे मामांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "आखूड परकराला पट्टी जोडतात ना, तसं. शिवण कुठे आहे ते खालच्या माणसांना कळतं," म्हणाले.

आमच्याकडे चवथीच्या आधी चित्रशाळेत गेलं की एकाच साच्यातले पाच-सहा गणपती ओळीने वाळत ठेवलेले दिसतात. हात तोच, सोंड तीच, बैठक तीच. पण डोळ्यांची आखणी झाली की आपला कुठला हे घरातलं लहान मूलही सांगतं. घराण्यातल्या बोटींचं तसंच असावं. कंपनीला त्यात सोय असते. आराखड्याचा खर्च एकदाच, गोदीतल्या कामगारांचा हात दुसऱ्या बोटीला बसलेला, सुटे भाग एकमेकींना चालतात, आणि माणसं एकीवरून दुसरीवर उचलून ठेवता येतात. मामांना असंच उचलून ठेवलं होतं. "पहिल्याच रात्री मी दिव्याशिवाय पॅन्ट्रीत गेलो," ते एकदा म्हणाले होते. "धाकटीवर जिथे वळायचं तिथेच थोरलीवर वळायचं. पाय आपोआप जात होते. फक्त एका दाराचा उंबरठा दोन बोटं वर होता." बोटीवरच्या लोखंडी दारांना खरोखरच उंबरठे असतात, पाणी आत येऊ नये म्हणून. त्या दोन बोटांनी मामांच्या डाव्या नडगीवर एक पांढरी रेघ कायमची काढून ठेवली आहे. लहानपणी आम्ही विचारायचो, तर म्हणायचे, "थोरलीने मारलं." आम्हाला वाटायचं थोरली मावशी.

मग मी झपाटल्यासारखी वाचत गेले. आधी गोंधळ झाला तो टनांचा. बोट सत्तर हजार टनांची म्हटलं की मला वाटायचं तेवढं तिचं वजन. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, बोटीच्या बंदिस्त पोटात मावणारी जागा. जुन्या काळी जहाजात दारूची किती पिंपं मावतात यावर कर बसायचा, त्या पिंपाचा हा शब्द. ही जागा माणसांवर वाटली की बोटीचा खरा स्वभाव कळतो. कर्णिका सुमारे सत्तर हजारांची आणि दोन माणसांना एक केबिन धरली तर सोळाशेच्या आतबाहेर प्रवासी, म्हणजे माणशी चव्वेचाळीस. २०२४ मध्ये निघालेली आयकॉन ऑफ द सीज २,४८,६६३ ची, प्रवासी ५,६१०. भागून बघितलं. पुन्हा चव्वेचाळीस. साडेतीनपट मोठी बोट, पण माणसाच्या वाट्याला आलेली मोकळीक तेवढीच. उलट सेव्हन सीज एक्सप्लोरर नावाची बोट कर्णिकेहून लहान, पंचावन्न हजारांची, पण प्रवासी फक्त ७५०. माणशी त्र्याहत्तर. तिथे जेवायला रांग नसणार, हे चित्र न बघता सांगता येतं. ओळखीतलं कुणी क्रूझची जाहिरात घेऊन आलं की आता मी कंपनीचं नाव बाजूला ठेवून बोटीचं नाव, साल आणि घराणं विचारते. एकाच कंपनीच्या पाटीखाली १९९६ ची बोट असते आणि तिच्या तिपटीहून मोठी २०२४ ची असते. जुनीत बाल्कनीच्या केबिन थोड्या, पण डेकवर फेरी मारताना पाणी जवळ. नवीत बाल्कन्याच बाल्कन्या. २००९ पासूनच्या ओएसिस क्लासमध्ये तर बोट मधोमध उकलून खरी झाडं लावलेली बाग केली आहे. म्हणजे कित्येक केबिनच्या बाल्कन्या समुद्राकडे पाठ करून बागेकडे बघतात. कुणाला हे आवडेल, कुणाला ते. पण फरक फार मोठा आहे आणि तो जाहिरातीतल्या निळ्या आकाशात दिसत नाही.

"क्लास"चा तिसरा अर्थ मला फार आवडला. बोट समुद्रात जायच्या लायकीची आहे असं एखादी वर्गीकरण संस्था तपासून सांगते, तेव्हा बोट "क्लासमध्ये" आहे म्हणतात. आपल्याकडे हे काम १९७५ पासून इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग करतं. यातली सगळ्यात जुनी लॉइड्स रजिस्टर, १७६० सालची, लंडनच्या एका कॉफी हाऊसमधल्या गिऱ्हाइकांनी सुरू केलेली. ते लोक बोटीच्या सांगाड्याला अक्षर देत आणि दोर-नांगर वगैरे सामानाला आकडा. दोन्ही उत्तम असेल तर ए-वन. वास्कोच्या बाजारात ए-वन फरसाण, ए-वन टेलर्स या पाट्या मी जन्मभर वाचत आले. त्या पाट्यांमध्ये कुठल्या तरी शिडाच्या जहाजाचा दणकट सांगाडा आहे, हे कळलं त्या दिवशी भाजी घ्यायला गेलेली मी एका पाटीखाली उगाचच थांबले.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी मामांना घेऊन मुंबईला गेले आणि आम्ही कर्णिकेवर बसून गोव्याला आलो. मामी म्हणाल्या, "गोव्यातल्या माणसांनी गोवा बघायला क्रूझने यायचं?" त्यांना आम्ही काय बघायला चाललोय ते सांगणं कठीण होतं. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बोटीवर चढायच्या जिन्याशी ते थबकले. आयुष्यात पहिल्यांदा ते प्रवाशांच्या दाराने आत जात होते. आत संगीत, दिवे, चकचकीत जिना, ढोकळ्यापासून पास्त्यापर्यंत मांडलेली टेबलं. मामा कशाकडेच बघेनात. एका भिंतीला हात लावून उभे राहिले. "हे पूर्वी असं नव्हतं," म्हणाले. नवे रंग, नवे गालिचे, नवी नावं. खरंच, या बोटीने नावं तरी किती बदलली. क्राउन प्रिन्सेसची ए-रोझा ब्लू झाली, मग आयडाब्लू, मग ओशन व्हिलेज टू, २००९ पासून ऑस्ट्रेलियात पॅसिफिक ज्वेल, आणि आता कर्णिका. नाव बदललं की आपण नव्या नवरीला ओळखेनासे होतो. मामा भिंतीतून जुनी बोट चाचपत होते.

रात्री जेवण झाल्यावर ते मला एका साध्या, नुसती पाटी लावलेल्या दाराशी घेऊन गेले. त्या दारापलीकडे त्यांची बोट होती. जिना, लांब सरळ गल्ली, जिला अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर तिथल्या हायवेवरून आय-नाइंटीफाइव्ह म्हणतात, तिच्यातून पळणाऱ्या ट्रॉल्या, वाफ, ओल्या लोखंडाचा वास. प्रवाशांना आत मज्जाव. बोटीत मला फिरायला मोकळीक असलेल्या सगळ्या जागा मामांना परक्या होत्या आणि त्यांची एकुलती ओळखीची जागा आम्हा दोघांनाही बंद होती. मला आजीचा तो खाली येणारा आवाज आठवला. आता तिकिटावर अप्पर-लोअर लिहीत नाहीत. पण कित्येक नव्या बोटींवर वरच्या मजल्यांवर निराळी किल्ली, निराळा पोहायचा तलाव, निराळं जेवणघर असलेला एक बंद वाडाच असतो. क्वीन मेरी टूवर तर कुठल्या केबिनचा माणूस कुठल्या दालनात जेवणार हे आजही ठरलेलं आहे. आणि या सगळ्यांच्या खाली, पाण्याच्या रेषेपाशी, मामांसारख्यांची वस्ती. माझ्या हातात थंड कोकम सरबताचा पेला होता. तो मी तसाच एका टेबलावर ठेवला.

तेवढ्यात ते दार उघडलं आणि कपबशांची ट्रॉली घेऊन एक मुलगा बाहेर आला. बोलण्यावरून मामांनी ओळखलं, सासष्टीचा. कोंकणीत चौकशा झाल्या. मग मामांनी एकदम विचारलं, "खालच्या पॅन्ट्रीच्या दाराचा उंबरठा अजून तसाच आहे?" मुलगा क्षणभर बघतच राहिला. मग हसला, खाली वाकला आणि पँटचा पाय वर करून त्याने आपली नडगी दाखवली. ताजी खपली होती. "अंकल, थंय सगळेच आपटतात," म्हणाला. मामांनी आपली पँट वर केली. चमचमत्या झुंबराखाली एक अडुसष्ट वर्षांचा माणूस आणि एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा एकमेकांच्या नडग्या बघत उभे होते. बाजूने गरब्याला निघालेली माणसं जात होती. मामांचा चेहरा मी त्याआधी तसा एकदाच पाहिला होता, त्यांच्या मुलीला बाळ झालं तेव्हा.

सकाळी आम्ही डेकवर कठड्याशी उभे होतो. आग्वादचा दीपस्तंभ मागे पडला आणि समोर सडा दिसायला लागला. समुद्रावरून आपली टेकडी मी कधी पाहिली नव्हती. तांबूस कडा, त्यावर माडांची विरळ रांग, आणि आमची घरं, ओळखू न येणारी, सगळी सारखी. "तुझं कुठलं?" मामांनी विचारलं. मला बोट दाखवता येईना.

महिन्याभरात सगळं बंद पडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्णिकेची कंपनी बंद झाली आणि नोव्हेंबरमध्ये बोट भंगारात काढायला गुजरातमधल्या अलंगच्या वाळूवर चढवली गेली. भरतीच्या वेळी पूर्ण वेगाने किनाऱ्यावर नेतात, पाणी ओसरलं की बोट उघडी पडते, आणि मग गॅसच्या ज्योतीने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून कापत जातात. मी फोटो पाहिले. ते डॉल्फिनचं कपाळ चिखलात होतं. मामांना दाखवावेत की नाही हे ठरवायला मला चार दिवस लागले. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरून पाहिला, परत दिला. मग म्हणाले, "आणि धाकटी?"

धाकटीची गोष्ट सांगताना मी अडखळत होते, कारण ती तेव्हा टांगणीला लागलेली होती. रीगल प्रिन्सेस २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेली, पॅसिफिक डॉन झाली. पुढे थोरलीही तिथेच आली आणि काही वर्षं दोघी एकाच कंपनीत होत्या. २०२० मध्ये तिला पनामाच्या किनाऱ्यावर उभी करून तरंगती वसाहत करायची म्हणून कुणीतरी घेतलं, नाव ठेवलं सातोशी. ते जमलं नाही, तिलाही अलंगला भंगारात काढायची बोलणी झाली. मग एका नव्या इंग्लिश कंपनीने तिला विकत घेतलं, आणि २०२२ च्या वसंतात ती अँबियन्स या नावाने लंडनजवळच्या टिलबरीहून पुन्हा निघाली. ही बातमी द्यायला मी रिक्षा करून चिखलीला गेले. मामा परसात बिमलीखाली बसले होते. ऐकून त्यांनी फक्त मान हलवली, आणि मामींना हाक मारून म्हणाले, "हिला चहा कर गो, आणि पोदेराकडचे उंडे आहेत ना?" ते नडगी खाजवत होते, उजवी की डावी ते मला टेबलाआडून दिसलं नाही.

परवा पुन्हा सड्यावर गेलो होतो. आता मामांना चढ सोसत नाही, मी गाडीने नेते. खाली एम्प्रेस उभी होती, कॉर्डेलियाची. २०२१ पासून मुंबई-गोवा करणारी ही बोट थोरलीच्याच वयाची, १९९० ची, पण फ्रान्समधल्या सां-नाझेरची. मी मामांना सांगितलं की जन्माची नॉर्डिक एम्प्रेस, अठ्ठेचाळीस हजारांची, आणि हिच्यासारखी दुसरी कधी बांधलीच नाही, हिला घराणं नाही. मामा म्हणाले, "म्हणजे हिच्यावरून उतरलेल्या माणसाला दुसरीकडे सगळं नव्याने शिकायला लागणार." हे माझ्या कुठल्याच वाचनात आलं नव्हतं.

दिवे लागले. वरचे मजले झगमगले, कुठे तरी ढोल वाजत होता, वाऱ्याबरोबर कोळशाची बारीक कच ओठांवर बसत होती. मामांची दुर्बीण मात्र बोटीच्या अगदी तळाशी, पाण्याच्या जरा वर असलेल्या लहान गोल खिडक्यांच्या रांगेवर होती. त्यांतल्या चार-पाचच उजळलेल्या होत्या. त्यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. मी रांग शोधली, डावीकडून मोजत गेले. माझ्या डोळ्यांदेखत एक खिडकी काळी झाली.

"झोपला," मामा म्हणाले. दुर्बिणीशिवायही त्यांना ते दिसलं होतं. "चारला उठायचं असेल."